ऱ्हायनो, ग्रासहॉपर आणि चौकावरचे काचेचे छप्पर : एक परीक्षण

पहिल्या काचेचे तीन कोपरे भिंतीवरच्या तुळईला नीट टेकत होते आणि चौथा १३ सेंटीमीटर हवेत होता. सातारा जिल्ह्यातील एका जुन्या वाड्याच्या चौकावर काचेचे छप्पर घालण्याचे काम आमच्या पुण्यातील छोट्या कार्यालयाकडे आले, तेव्हा संगणकावर उतरलेला पहिला आराखडा इतका देखणा होता की मालकांनी तो पाहताच होकार दिला. तो बांधता येण्याजोगा नाही हे आमच्या ध्यानात यायला मात्र आणखी चार दिवस गेले. तो आराखडा ज्या साधनांवर काढला होता, त्यांचे हे परीक्षण आहे : ऱ्हायनो ही त्रिमितीय आरेखनाची प्रणाली, तिच्यातच येणारे ग्रासहॉपर, आणि वक्रपृष्ठावर जाळी किंवा नक्षी बसवण्यासाठी त्यांच्या जोडीने वापरली जाणारी काही प्लगिने, म्हणजे जोड-प्रणाली. गेली सहा वर्षे मी ती जवळजवळ रोज वापरतो आहे. माझे मत एकूण अनुकूल आहे, पण सरसकट नाही. या साधनांतील ज्या गोष्टींची सर्वांत जास्त वाहवा होते त्याच मला सर्वांत कमी कामाच्या वाटतात, आणि ज्यांच्याकडे नवशिका वळतही नाही त्यांच्या जिवावर आमचे छप्पर उभे राहिले.

ज्यांना ही नावे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. ऱ्हायनो हे सिएटलच्या रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स या कंपनीचे उत्पादन असून त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. गुळगुळीत वक्रपृष्ठे अचूक गणिती रूपात, म्हणजे नर्ब्जच्या रूपात, हाताळणे ही त्याची मूळ ताकद आहे. डेव्हिड रटन यांनी २००७ मध्ये त्यात एक निराळीच सोय जोडली, जिला पुढे ग्रासहॉपर हे नाव मिळाले : रेषा हाताने काढण्याऐवजी लहान लहान पेट्या तारांनी जोडून आकार कसा घडेल याची कृती मांडायची आणि आकडे बदलून परिणाम पाहायचा. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ग्रासहॉपर ऱ्हायनोबरोबरच येते आणि डॅनियल पायकर यांचे कांगारूही, म्हणजे दिलेल्या अटी पाळणारा समतोल आकार शोधणारे प्लगिनही, त्याच्या पोटात येते. गेंडा, नाकतोडा, कांगारू आणि जाळी गुळगुळीत करणारे वीव्हरबर्ड म्हणजे आपली सुगरण. या मंडळींनी नावे देताना प्राणिसंग्रहालयच उघडले आहे, आणि त्यातली सुगरण मला नेहमी सर्वांत समर्पक वाटते.

वक्रपृष्ठावर नक्षी बसत नाही, यात दोष साधनांचा नसून भूमितीचा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. अंगणात काढायची ठिपक्यांची रांगोळी पालथ्या घागरीवर काढायला घेतली, तर पोटावर ऐसपैस बसलेल्या ओळी बुडाकडे जाताना दाटत जातात आणि शेवटी एकमेकींत शिरतात. सपाट जमिनीवर एका बिंदूभोवती सहा समभुज त्रिकोण ३६० अंश नेमके भरून काढतात. घुमटावर त्यांना तेवढी जागाच मिळत नाही आणि खोगिराच्या आकारावर ती उरते. षटकोनांच्या जाळ्याने गोल पूर्ण झाकायचा तर कुठे ना कुठे १२ पंचकोन घालावेच लागतात, हे नेहमीच्या फुटबॉलवर मोजून पाहता येईल. कोंबड्या झाकायच्या डालग्याची विरळ षटकोनी वीण जिथे माथ्याकडे वळते तिथे नीट पाहिले तर एखादे भोक पाच कोनांचे सापडते. हे शास्त्र बुरुडाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही ते दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेपुरते शिकतो आणि सॉफ्टवेअर समोर आले की विसरतो.

विसरायला लावणाऱ्या साधनांत पहिला क्रमांक लंचबॉक्सचा. नेथन मिलर यांचे हे मोफत प्लगिन एका अर्थाने जादूच आहे : त्याच्या पेटीला पृष्ठ जोडावे, उभ्या-आडव्या भागांचे दोन आकडे द्यावेत, की क्षणात चौकोन, त्रिकोण, षटकोन किंवा हिऱ्याच्या आकाराचे पॅनल पृष्ठभर पसरतात. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांत दिसणाऱ्या नक्षीदार दर्शनी भागांपैकी किती भाग इथून आलेले असतात ते सरावलेल्या डोळ्याला लगेच ओळखू येते. परंतु लंचबॉक्स पृष्ठाचे भाग पाडते ते त्या पृष्ठाच्या स्वतःच्या ताण्या-बाण्यावर, म्हणजे त्यावरच्या उभ्या-आडव्या गणिती रेषांवर, आणि नर्ब्ज पृष्ठाचे हे धागे अंतर मोजत नाहीत. पृष्ठ कसे घडवले यावर ते कुठे दाट आणि कुठे विरळ असतात. गोलाच्या ध्रुवावर तर सगळे उभे धागे एका बिंदूत गोळा होतात आणि तिथले चौकोन बारीक सुरीसारखे त्रिकोण होऊन बसतात. शिवाय पृष्ठाचा एखादा भाग कापून टाकला तरी त्याखालचे मूळ धागे कापलेल्या भागासह तसेच राहतात, त्यामुळे बाकदार कड असलेल्या छपरावर पॅनल कडेपर्यंत जाऊन सुबक थांबत नाहीत, तर कडेच्या पलीकडे सांडतात. पाहता पाहता दहा पर्याय समोर ठेवायचे असतील तर लंचबॉक्सला तोड नाही. त्यातला एखादा पर्याय तसाच सुताराला किंवा काचवाल्याला द्यायचा असेल, तर मी तसे करू नका असेच म्हणेन.

आमचा पहिला आराखडा याच वाटेने गेला होता. चौक ८.४ मीटर लांब आणि ६.२ मीटर रुंद. चारही बाजूंना सपाट तुळई, आणि मध्ये १.३ मीटर फुगवटा असलेले उशीसारखे पृष्ठ. लांबीत १२ आणि रुंदीत ८ भाग केले, ९६ काचा झाल्या. आता कोपऱ्यातली काच पाहा : तिचे तीन कोपरे सपाट तुळईवर आणि चौथा पृष्ठाबरोबर वर उचललेला. काच सपाट असते, आणि तीन बिंदूंनी प्रतल ठरले की चौथ्याला मोकळीक उरत नाही. छायांकित दृश्यात मात्र हे मुळीच दिसत नाही, कारण ऱ्हायनो असा मुरडलेला चौकोन आतून दोन त्रिकोणांत दुमडून दाखवतो आणि छटा गुळगुळीत करून ती घडी लपवतो. मला या प्रणालीबद्दल सर्वांत जास्त खटकते ते हेच. प्रत्येक चौकोनाच्या दोन कर्णांमधले अंतर मोजणारी छोटी डेफिनिशन, म्हणजे ग्रासहॉपरमधली पेट्यांची जुळणी, लिहायला दहा मिनिटे लागतात, अंतर शून्य असेल तर चौकोन सपाट. पण ती लिहायची हे आधीच माहीत असावे लागते, आणि पडद्यावरच्या चित्रात तशी सूचना देणारे काहीही नसते. त्या दिवसापासून आमच्या कार्यालयात कोणतेही जाळे रंगीत केल्याशिवाय बैठकीत येत नाही : सपाट पॅनल पांढरे, मुरडलेले पॅनल लाल.

ऱ्हायनोच्या सातव्या आवृत्तीत, २०२० च्या डिसेंबरात, क्वाडरिमेश ही आज्ञा आली आणि तिचे फार कौतुक झाले. ते बऱ्याच अंशी रास्त आहे. मूळ पृष्ठाचे धागे कसेही असोत, ती आज्ञा त्यांना बाजूला सारून जवळजवळ सारख्या मापाच्या चौकोनांचे नवे जाळे विणते. साधारण किती चौकोन हवेत, अणकुचीदार कडा राखायच्या की नाही, सममिती हवी का, हे सांगता येते, आणि मार्गदर्शक वक्ररेषा दिल्या तर जाळे त्यांच्या दिशेने वळते. जिथे भूमितीचा नाइलाज असतो तिथे ती चारऐवजी तीन किंवा पाच कडा एका बिंदूत आणते. डालग्यातल्या पंचकोनाचाच हा भाऊबंद आहे, आणि हे बिंदू कुठे पडतात यावर छपराची नक्षी शांत दिसते की विस्कटलेली ते ठरते. मात्र क्वाडरिमेशचे चौकोन सपाट नसतात. सपाट करण्याचा तिचा दावाही नाही. सारख्या मापाचे पॅनल आणि सपाट पॅनल या दोन निराळ्या मागण्या आहेत, आणि बहुतेक वेळा एकीच्या मागे लागले की दुसरी हातची जाते. ज्याला काचेऐवजी कापड ताणायचे आहे किंवा काँक्रीटचे कवच ओतायचे आहे त्याने ही आज्ञा निःशंक वापरावी.

काचेसाठी सोपी पळवाट म्हणजे त्रिकोण, कारण त्रिकोण कधीच मुरडत नाही. आमच्या ९६ चौकोनांत एकेक कर्ण टाकला असता तर प्रश्न तिथेच संपला असता, पण काचा १९२ झाल्या असत्या, पोलादी दांड्या २१२ ऐवजी ३०८, आणि आतल्या प्रत्येक सांध्यात चारऐवजी सहा दांड्या येऊन भिडल्या असत्या. सहा दांड्यांचा सांधा ज्याने एकदा वेल्डरसमोर उभे राहून करून घेतला आहे तो हा पर्याय सहज निवडत नाही. त्रिकोणी काचेची टोकदार कोपऱ्यातली नाजूकता आणि मोठ्या आयताकृती काचेतून ती कापताना वाया जाणारा माल हे वेगळेच. तरीही मोठ्या छपरांत त्रिकोणांना पर्याय नसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टवर २००० मध्ये पूर्ण झालेले छप्पर याचे उत्तम उदाहरण : गोल रीडिंग रूम आणि तिच्याभोवतीचे आयताकृती अंगण यांच्यामधली जागा ३,३१२ त्रिकोणी काचांनी झाकली आहे, आणि रीडिंग रूम अंगणाच्या नेमक्या मध्यावर नसल्यामुळे तिथे साच्याने काम भागण्यासारखे नव्हते. फॉस्टर अँड पार्टनर्स हे वास्तुरचनाकार आणि ब्युरो हॅपोल्ड हे अभियंते यांच्या त्या कामात पृष्ठाची भूमिती बाथ विद्यापीठाच्या ख्रिस विल्यम्स यांनी बसवली. जाळ्याचे सांधे पृष्ठावरून न उचलता त्यावर सरकू द्यायचे, आणि शेजारच्या सांध्यांच्या ओढीने ते आपोआप समतोल जागी स्थिरावू द्यायचे, ही त्यांची रीत. हीच रीत आज कांगारूमुळे आमच्यासारख्या चार माणसांच्या कार्यालयाला एका सायंकाळी वापरता येते, आणि मला या साऱ्या संचातले खरे मोल तिथे दिसते.

मात्र कांगारूकडे वळण्याआधी आम्हाला सुचलेला, किंवा खरे तर आमच्या वयस्कर स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी कागदावर काढून दाखवलेला उपाय सांगितला पाहिजे, कारण त्यात सॉफ्टवेअरचे श्रेय जवळजवळ शून्य आहे. एक कमान घ्यायची आणि तिला तिचा कल न बदलता दुसऱ्या कमानीवरून सरकवत न्यायचे. या सरकण्यातून जे पृष्ठ तयार होते त्यावरचा प्रत्येक चौकोन समांतरभुज असतो, कारण त्याच्या समोरासमोरच्या बाजू म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन जागा. आणि समांतरभुज चौकोन मुरडूच शकत नाही. स्टुटगार्टच्या यॉर्ग श्लाइख यांच्या कार्यालयाने ही युक्ती काचेच्या छपरांसाठी पद्धतशीर वापरली, आणि बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांच्या घरावरचे, नव्वदच्या दशकातले जुळे घुमट त्याच कुळातले आहेत. ग्रासहॉपरमध्ये ही कृती पाच-सहा पेट्यांत मावते. आम्ही लांबीच्या दिशेला ९० सेंटीमीटर उंचीची कमान घेतली, रुंदीच्या दिशेला ६० सेंटीमीटरची; कर्णांमधल्या अंतराचा रकाना वरपासून खालपर्यंत शून्य झाला आणि लाल रंग पडद्यावरून नाहीसा झाला. काचा साधारण ७२ बाय ७९ सेंटीमीटरच्या. मध्यावर जवळजवळ काटकोनी आणि कोपऱ्यात ८३ अंशांपर्यंत कललेल्या. आणखी एक लाभ अनपेक्षित होता : अशा छपराच्या चारही कडा सपाट न राहता कमानी होतात, आणि त्या कमानींखाली झरोके सोडता आले. एप्रिलच्या उन्हात काचेखाली कोंडणारी गरम हवा जायला वाट मिळाली नसती तर ते छप्पर म्हणजे उबवणीची पेटी झाली असती.

इथवर सगळे सरळ होते. वाडा मात्र सरळ नव्हता. चौकाची पश्चिमेकडची भिंत काटकोनात नाही, एका टोकाला ती १४ सेंटीमीटर आत येते, आणि जुन्या भिंतीला हात लावायचा नाही ही मालकांची अट होती. शेवटच्या दोन ओळींतल्या १६ काचा समांतरभुज राहू शकत नव्हत्या. हे काम कांगारूचे. कांगारूत आकार थेट बदलायचा नसतो. काय साधायचे आहे ते निरनिराळ्या उद्दिष्टांच्या पेट्यांतून सांगायचे असते. भिंतीवरचे सांधे जागच्या जागी रोवले, प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे एका प्रतलात यावेत असे सांगितले, सांधे मूळ पृष्ठापासून दूर जाऊ नयेत असे सांगितले, आणि दांड्यांच्या लांब्या शक्यतो राखाव्यात असे सर्वांत हलक्या आवाजात सांगितले. हे गणित सोडवणारा सॉल्व्हर सुरू केला की जाळे डोळ्यांसमोर थरथरते आणि काही सेकंदांत निवते. हे पाहताना आजही मला बरे वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

तथापि कांगारू तडजोड करते आणि ती आपणहून सांगत नाही. प्रत्येक उद्दिष्टाला एक जोर द्यावा लागतो. सपाटपणाचा जोर कमी पडला तर काचा थोड्या मुरडलेल्या राहतात, जास्त झाला तर भूमितीची पूर्तता करण्यासाठी दोन सांधे एकमेकांवर चढतात, आणि दोन्ही वेळा सॉल्व्हर सारख्याच समाधानाने थांबतो. म्हणून त्याच्या पुढे मोजणीची पेटी जोडलेली असणे मी अनिवार्य मानतो. आमच्या १६ काचांत सर्वांत मुरडलेली काच शेवटी दीड मिलीमीटरवर आली. काच कापणाऱ्यांनी तीनपर्यंत रबराच्या पट्टीत सामावून जाईल असे सांगितले होते. दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची : कांगारूत भार टाकून टांगलेल्या साखळीसारखा आकार काढता येतो, आणि तो उलटा केला की दाबात काम करणाऱ्या कमानीचा सुरेख आकार मिळतो, पण तेवढ्यावरून ते छप्पर वाऱ्याला टिकेल असा निष्कर्ष काढणे म्हणजे पंचांगात पाऊस आहे म्हणून बंधाऱ्याची उंची ठरवण्यासारखे आहे. त्यासाठी स्वतंत्र संरचना-विश्लेषण आणि सही करणारा इंजिनिअर लागतोच. ज्यांना काचेबरोबर तिच्याखालच्या पोलादी पट्ट्यांची खोलीही नीट जुळवायची आहे त्यांनी कांगारूतले शंकुजाळ्याचे उद्दिष्ट पाहावे. हेल्मुट पॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या या प्रकारच्या जाळ्यात प्रत्येक सांध्यावर समोरासमोरच्या कोनांच्या दोन्ही बेरजा सारख्या असतात, आणि त्यामुळे सगळी पॅनल एकाच अंतराने आत सरकवली तरी दुसरे सपाट जाळे मिळते. आम्हाला त्याची गरज पडली नाही. दुहेरी काचेच्या मोठ्या कामात पडेल.

वीव्हरबर्ड आणि पॅनलिंग टूल्स यांच्याविषयी थोडक्यात. जूलिओ पियाचेंतीनो यांचे वीव्हरबर्ड जाडेभरडे जाळे पुन्हा पुन्हा विभागून गुळगुळीत करते आणि प्रत्येक पॅनलमध्ये चौकट सोडून खिडकी पाडते. जाळीची नक्षी करायची तर मी आधी याच्याकडे जातो, कारण ते ताण्या-बाण्याऐवजी जाळ्याच्या जोडणीवर काम करते आणि म्हणून कापलेल्या कडांपाशी सांडत नाही. रजा इसा यांच्या पॅनलिंग टूल्समध्ये पॅनलआधी बिंदूंची मांडणी करावी लागते, ती अंतर मोजून करता येते, आणि ऊन अडवण्यासाठी भोके लहान-मोठी करणे त्यात सोपे जाते. मात्र त्याची मांडणी जुनाट वाटते. सपाट नकाशावरची नक्षी वक्रपृष्ठावर थेट ताणून बसवणाऱ्या ग्रासहॉपरच्या पेट्याही आहेत. पैठणीवरचा मोर उशीच्या अभ्र्यावर शिवावा तसा त्यांचा परिणाम असतो, मध्यभागी छान आणि कोपऱ्यात मान मोडलेली. अबूधाबीच्या लूव्हर संग्रहालयावर वास्तुरचनाकार ज्याँ नूव्हेल यांनी घातलेल्या १८० मीटर व्यासाच्या घुमटात ७,८५० तारे आहेत आणि ते निरनिराळ्या मापांत, आठ थरांत, एकमेकांवर फिरवून रचले आहेत. गोलावर नक्षी कशी वागवावी हे तिथे शिकण्यासारखे आहे, एका पेटीतून ते निघत नाही.

आता काचकारखान्यातला प्रसंग सांगतो, कारण पडद्यावरचे जाळे आणि हातात येणारी वस्तू यांतले अंतर मला त्या दिवशी कळले. सरकवलेल्या कमानीच्या छपराला दोन्ही दिशांनी सममिती असते, तेव्हा ९६ काचांचे २४ आकारांत गट पडायला हवेत. ग्रासहॉपरने बाजू आणि कोन ताडून तसेच गट पाडले, तिरक्या भिंतीच्या १६ काचा वेगळ्या धरून एकूण ४० नमुने झाले, आणि ही यादी मी मोठ्या अभिमानाने कारखान्यात नेली. तिथल्या फोरमननी दोन रेखाटने शेजारी ठेवली, एक उलटे केले आणि विचारले, “सर, कोटिंग वर येणार का खाली?” उष्णता परतवणाऱ्या लेपाच्या काचेला पाठ आणि पोट असते. छपराच्या उजव्या अर्ध्यातला समांतरभुज हा डाव्या अर्ध्यातल्याची आरशातली प्रतिमा असतो. साधी काच असती तर उलटून बसवली असती, लेप असलेली उलटली की लेप भलत्या बाजूला जातो आणि बाहेरून तिचा रंगही निराळा दिसतो. म्हणजे नमुने २४ नव्हेत, ४८. आणि तिरक्या ओळी धरून ६४. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, तेव्हा हा प्रश्न दोन दिवस उशिरा विचारला गेला असता तर निम्म्या काचा अंगणात रचून ठेवाव्या लागल्या असत्या. चूक सर्वस्वी माझी होती. ग्रासहॉपरला मी आकार ताडायला सांगितले होते, बाजू ताडायला नाही. आणि जाळ्यातल्या प्रत्येक पॅनलचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते एकसारखे करून घेण्याची आज्ञा असूनही मी ती वापरली नव्हती, कारण चित्रात दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. आता प्रत्येक पॅनलचा क्रमांक आम्ही लेपाच्या उलट बाजूने वाचता येईल असाच छापतो.

त्याच प्रसंगानंतर आमच्याकडे आणखी एक सवय रुजली. कोणतेही जाळे हातात आले की सांधे, दांड्या आणि पॅनल मोजायची. भोक नसलेल्या छपरात सांध्यांतून दांड्या वजा करून पॅनल मिळवली की उत्तर एक आलेच पाहिजे. आमच्या छपरात ११७, २१२ आणि ९६, म्हणजे एक. ग्रेट कोर्टच्या छपरात १,५६६ सांधे, ४,८७८ दांड्या आणि ३,३१२ काचा आहेत; तिथे उत्तर शून्य येते, कारण मध्ये रीडिंग रूमचे भोक आहे. गणितज्ञ ऑयलरचा हा जुना हिशेब चुकला की समजायचे, कुठेतरी दोन सांधे एकाच जागी एकावर एक बसले आहेत आणि जाळे दिसायला अखंड असले तरी शिवण उसवलेली आहे. ग्रासहॉपरमध्ये ही चूक फार सहज होते आणि कांगारूत असे जाळे सोडले की ते शिवणीवर फाटते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा डोंगर मात्र जाळ्यांचा नाही, डेटा ट्रीचा आहे. ग्रासहॉपर माहिती फांद्या-फांद्यांनी साठवते, आणि दोन पेट्यांतल्या फांद्या जुळल्या नाहीत की ९६ काचांच्या जागी ९,२१६ काचा तयार होतात व संगणक विचारात पडतो. प्रत्येक वस्तूला वेगळी फांदी देणारी ग्राफ्ट आणि सगळ्या फांद्या एक करणारी फ्लॅटन या दोन आज्ञा अंदाजाने टाकत राहणे हा आमच्याकडच्या प्रत्येक नव्या इंटर्नचा पहिला महिना असतो. यावर तोडगा कागदच आहे : कोणत्या फांदीवर किती वस्तू हे आधी हाताने लिहून काढावे. मराठीत यावर शिकण्याजोगी सामग्री मला फारशी आढळलेली नाही, इंग्रजीत मात्र मुबलक आहे, आणि अडलेल्याला उत्तर देणारी वापरकर्त्यांची मंडळी खरोखर उदार आहे. पायकर स्वतः अनेकदा नवशिक्यांच्या कांगारू-डेफिनिशन दुरुस्त करून देताना दिसतात.

किमतीचे गणित इतर आरेखन प्रणालींच्या तुलनेत ऱ्हायनोच्या बाजूने आहे. परवाना एकदा घ्यायचा असतो, दरवर्षी भाडे भरावे लागत नाही. व्यापारी परवान्याची किंमत बरीच वर्षे ९९५ अमेरिकी डॉलर आणि विद्यार्थ्यांसाठी १९५ डॉलर राहिली आहे, भारतात कर धरून ती वाढते. ग्रासहॉपर आणि कांगारू त्यातच येतात, वर उल्लेखलेली बाकीची प्लगिने मोफत आहेत. मॅकवरही ही प्रणाली चालते, पण बरीच प्लगिने केवळ विंडोजसाठी लिहिलेली असल्याने जाळ्यांचे काम करणाऱ्याने विंडोजच निवडावे. ज्या कार्यालयात सारी छपरे सपाट आणि सारे दर्शनी भाग आयताकृती आहेत तिथे हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. वर्षातून एखादा घुमट, एखादी वळणदार जाळी किंवा एखादे टांगते छत येत असेल, तर पहिल्याच कामात तो वसूल होतो; आमचा झाला.

विकत घेण्याआधी पूर्ण क्षमतेची प्रत ९० दिवस मोफत वापरता येते, त्यानंतर फाइल जतन करणे आणि प्लगिने बंद पडतात. हे दिवस तयार नमुन्यांवर घालवू नयेत. आपल्याच हातातले एखादे वाकडे काम घ्यावे, कर्णांमधले अंतर मोजणारी डेफिनिशन पहिल्या दिवशी लिहावी, सरकवलेल्या कमानीचे छप्पर दुसऱ्या दिवशी, आणि लंचबॉक्स दुसऱ्या महिन्यात उतरवून घ्यावे.